कर्ज घराचं, मग कागद एकट्याचा कसा?

प्रति,
चेअरमन, संचालक आणि सचिव,
सर्व विकास सेवा सोसायट्या,
तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा



मार्च सरत आला की कोरेगाव तालुक्यातल्या सोसायट्यांच्या दारात एकच शब्द ऐकू येतो, नवं-जुनं. जुनं पीककर्ज भरायचं आणि चार-आठ दिवसांत नवं उचलायचं. मधल्या दिवसांसाठी पैसा कुठून तरी उभा करावा लागतो. कुणी पाव्हण्याकडून हातउसने घेतो, कुणी व्यापाऱ्याकडून उचल घेतो. बऱ्याच घरांत त्या आठवड्यात कपाटातली एक डबी बाहेर निघते आणि सोनेतारणाच्या खिडकीवर जाते. डबीतला ऐवज घरातल्या बाईचा असतो. तो कशासाठी चाललाय एवढं तिला सांगितलेलं असतं. एकूण कर्ज किती, मुदत कोणती, जामीन कोण, मागच्या वर्षीचं किती राहिलं, हे बहुतेक वेळा सांगितलेलं नसतं. तीही विचारत नाही. तो सोसायटीचा विषय असतो आणि सोसायटीचा विषय पुरुषांचा असतो, असं ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून ऐकत आलेली असते.

हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे. ते बँकेच्या मुख्यालयाला किंवा मंत्रालयाला लिहिता आलं असतं. पण गावातल्या कुठल्या घरावर किती देणं आहे, हे सोसायटीच्या सचिवाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. अनेक घरांत तर तिथे रोज भाकरी थापणाऱ्या बाईपेक्षा सचिवालाच ते जास्त ठाऊक असतं. म्हणून हे पत्र आपल्याला.

कोरेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला घेवडा आठवतो. इथल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण घराची उलाढाल आज घेवड्यापेक्षा उसावर आणि आल्यावर जास्त अवलंबून असते. उसाचं एक बरं, कारखान्याच्या बिलातून सोसायटीची कपात परस्पर होते. आल्याचं तसं नाही. बेणं महाग, गादीवाफे करायचे, ठिबक अंथरायचं, शेणखत विकत आणायचं. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण होते आणि पैसा दिसायला आठ-नऊ महिने लागतात. दर पडला तर शेतकरी आलं जमिनीतच ठेवतो आणि आणखी वाट बघतो. इथे दर किलोवर नाही, गाडीवर बोलला जातो. एक गाडी म्हणजे ५०० किलो. गाडीचा दर चढला तर घर बांधून होतं, उतरला तर ट्रॅक्टरचा हप्ता थकतो.

या पिकात खुरपण, भर लावणं, काढणी, निवड ही सगळी कामं बाईच्या हातची. पावसाळ्यात वाफ्यात कंदकूज शिरली तर पान पिवळं पडलेलं पहिल्यांदा तिच्याच नजरेला येतं. पण आलं आत्ता काढायचं की ठेवायचं, त्यासाठी आणखी कर्ज काढायचं की नाही, हे ठरताना तिला विचारलं जातं ते इतकंच, की बायका किती मिळतील. आपल्या भागात बायको नवऱ्याला मालक म्हणते आणि नवरा बायकोला कारभारीण म्हणतो. भाषेने तिला कारभार दिलेला आहे. कागदाने दिलेला नाही.

अशा घरातलं कपाट उघडून बघावं. एका कप्प्यात त्याची प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात सातबारा, आठ-अ, सोसायटीचं पासबुक, किसान क्रेडिट कार्डाचे कागद, कुणाला तरी जामीन राहिल्याची एखादी नोटीस. दुसऱ्या कप्प्यात, साड्यांच्या घडीखाली, तिची पिशवी असते. तिच्यात बचत गटाचं पासबुक, एखाद-दोन मायक्रोफायनान्स कंपन्यांची हप्त्याची कार्डं आणि मुलीच्या फीच्या पावत्या. दोन्ही पिशव्या एकाच घराच्या आहेत. दोन्हींतली देणी एकाच घामातून फेडायची आहेत. पण दोन्ही पिशव्या एकाच वेळी एकाच चटईवर क्वचितच रिकाम्या केल्या जातात.

इथे दोष एकट्या पुरुषाच्या माथी मारणं खोटं ठरेल. सोसायटीचं कर्ज तो सांगत नाही, तसंच गटाचं दुसरं-तिसरं कर्ज तीही पुष्कळदा सांगत नाही. कधी पोराच्या कॉलेजसाठी, कधी माहेरच्या अडचणीसाठी, कधी पहिल्या कंपनीचा हप्ता भरायला दुसरीकडून. एकमेकांना घोर नको म्हणून दोघंही गप्प राहतात. झाकली मूठ सव्वा लाखाची हे गावाला दाखवण्यापुरतं ठीक आहे, पण नवरा-बायकोनेच एकमेकांपुढे मूठ झाकली तर तिच्यात किती आहे याचा हिशोब करणारं घरात कुणीच उरत नाही. हा हिशोब पुढे वसुलीवाला येऊन करतो, तोही दारात उभा राहून, चार शेजाऱ्यांच्या देखत.

आता सातबारा जरा जवळून बघू. एका बाजूला भोगवटादाराचं नाव असतं, बहुतेक गटांवर ते पुरुषाचंच. देशातल्या शेतजमिनीच्या वहिवाटदारांत बायका सुमारे १४ टक्के आहेत, असं २०१५-१६ च्या कृषी गणनेने सांगितलं. त्याच उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. सोसायटीकडून कर्ज घेताना सभासद इकरार लिहून देतो, त्याचा बोजा याच रकान्यात चढतो. सहकार कायद्याच्या ४८ व्या कलमाने त्याला आधार दिलेला आहे. जुन्या उताऱ्यांत कित्येकदा बहिणींची नावंही भोगवटादारात न लावता याच रकान्यात घातलेली आढळतात. म्हणजे कर्जाला उताऱ्यावर जागा आहे, बहिणीला निदान कोपऱ्यात जागा आहे. पण ज्या बाईच्या राबण्यातून तो बोजा उतरायचा आहे, ती नवऱ्याच्या हयातीत त्या कागदावर कुठेच नाही.

सरकारदरबारी मात्र घर एकच धरलं जातं. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात ते कुटुंबाला, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखांची कर्जमाफी आली, तीही कुटुंबाला. नवरा-बायकोची कर्जं एकत्र मोजली गेली. (२०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत मग वैयक्तिक शेतकरी हा निकष झाला.) २०२४ ला सुरू झालेल्या लाडक्या बहिणीच्या १,५०० रुपयांसाठी उत्पन्न पाहिलं जातं ते घराचं, वर्षाला अडीच लाखांच्या आत. आणि रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये मायक्रोफायनान्सचे नियम काढले, त्यांत तर स्पष्टच सांगितलं की कर्ज देताना नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून घराचं उत्पन्न बघा, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ देऊ नका.

हा शेवटचा नियम प्रत्येक घराने चटईवर बसून एकदा लावून बघावा. या नियमात बसणाऱ्या घराचं जास्तीत जास्त उत्पन्न वर्षाला तीन लाख धरलं आहे, म्हणजे महिन्याला २५,०००. त्याचं निम्मं १२,५००. ट्रॅक्टर, मोटारसायकल, गट, कंपनी, सोनेतारण आणि पीककर्जाचा महिन्याला पडणारा भाग, सगळं मिळून या १२,५०० त बसतं का? ही बेरीज एकट्या नवऱ्याला करता येत नाही आणि एकट्या बायकोलाही येत नाही. प्रत्येकाकडे अर्धेच आकडे असतात. दोघं समोरासमोर बसले तरच ती होते.

तेव्हा घर एक आहे, हे केंद्राला पटलं, राज्याला पटलं, रिझर्व्ह बँकेला पटलं. ते पटायचं राहिलं आहे गावच्या सोसायटीच्या टेबलावर.

यावर आपल्यापैकी कुणी म्हणेल, कायदा आम्ही केलेला नाही, सातबारा ज्याच्या नावावर त्यालाच आम्ही कर्ज देणार. खरं आहे. पण सातारा जिल्ह्यातली माणसं कर्जाच्या कागदापुढे एकेकाळी कशी उभी होती, ते आठवून बघावं. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. चार वर्षांनी, १८७९ साली, इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला आणि तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, अशी तरतूद त्यात होती. कारण उघड होतं. अंगठा ज्याचा, त्याला कागदात काय आहे हेच कळत नव्हतं. सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या त्याच दुखण्यावर उपाय म्हणून. शेतकऱ्याला त्या वेळी जे हवं होतं, तेच आज त्याच्या बायकोला हवं आहे. कागद तिच्यासमोर वाचला जावा.

कोरेगावला तर कागद न वाचण्याची किंमत वेगळी सांगायला नको. चिमणगावचा जरंडेश्वर कारखाना थकीत कर्जापोटी राज्य सहकारी बँकेने २०१० साली लिलावात काढला. हजारो सभासदांनी पै-पै घालून उभा केलेला कारखाना त्यांच्या हातून गेला. त्या व्यवहाराचे वाद अजून मिटलेले नाहीत आणि त्यांचा निवाडा करणं या पत्राचं काम नाही. इथे सांगायचं एवढंच, की आपल्या नावावर किती कर्ज चढलंय हे मालकांनाच माहीत नसेल तर काय होतं, ते या तालुक्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. सभासदाला संस्थेचं कर्ज कळलं पाहिजे, हे आपण सगळे तावातावाने म्हणतो. मग घराचं कर्ज घराच्या सभासदाला कळायला नको का?

कर्जाच्या जबाबदारीबद्दल गावात ज्या समजुती आहेत, त्यांनी फार माणसं नाडली आहेत. पहिली समजूत अशी, की नवऱ्याचं कर्ज आपोआप बायकोवर पडतं. तसं नाही. तिने कर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल, तर ती त्या कर्जाला स्वतः बांधील नसते. नवरा वारला तर त्याच्या मालमत्तेतून जेवढं तिच्या हाती आलं, तेवढ्यापुरतंच देणं तिच्यापर्यंत येतं. तिची मजुरी, तिचा पगार, तिचं स्त्रीधन त्यात धरता येत नाही. मुंबई इलाख्यात तर १८६६ सालीच कायदा झाला होता, की मुलाने बापाचं कर्ज वारशात आलेल्या मालमत्तेपुरतंच द्यावं, आणि विधवेशी लग्न करणाऱ्यावर तिच्या पहिल्या नवऱ्याच्या कर्जाचा भार पडू नये. एवढ्या जुन्या गोष्टी अजून आपल्या ओट्यावर पोचलेल्या नाहीत. दहाव्याच्या दिवशी कुणी खासगी सावकार येऊन बसतो आणि नवऱ्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून बाई पाटल्या काढून देते. तो सावकार परवानाधारक आहे का, हे विचारायचं तिच्या मनातही येत नाही. २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि अशा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळण्याची वाटही त्याच कायद्यात आहे.

दुसरी समजूत याच्या उलटी, की जामीन राहणं म्हणजे नुसती सही. कराराच्या १८७२ च्या कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच आहे. धनको सरळ जामीनदाराकडे येऊ शकतो. नवऱ्याच्या कर्जाला बायकोची सही घेताना हे तिला सांगितलं जातं का? ‘इथं कर’ म्हणून बोट ठेवलं जातं आणि ती करते. जमीन त्याची, निर्णय त्याचा, पैसा त्याच्या खात्यात, आणि जामीन ती. हक्काचा एकही कागद नसताना नुसती जबाबदारी तिच्या नावावर लावणं हा सरळ अन्याय आहे. तो आपल्या टेबलावर होत असेल तर आपण तो थांबवू शकता.

आपल्या परंपरेत हा विचार नव्हता असंही कुणी समजू नये. याज्ञवल्क्य स्मृतीत कर्जाचं प्रकरण आहे. घरासाठी काढलेलं नसेल तर नवऱ्याचं कर्ज बायकोने फेडू नये आणि बायकोचं नवऱ्याने फेडू नये, असं तिथे सांगितलं आहे. बाईने फेडायची कर्जं कोणती? जे तिने स्वतः कबूल केलं ते, जे नवऱ्याबरोबर मिळून काढलं ते, आणि जे तिने स्वतः काढलं ते. बाकीचं नाही. गवळी, परीट अशा ज्या घरांचा संसार बाईच्या कष्टावर चालतो, तिथे तिचं कर्ज नवऱ्याने फेडावं, असंही त्याच ठिकाणी आहे. आजच्या कोरेगावात आल्याच्या वाफ्यात वाकलेली बाई त्या यादीत बसत नाही, असं कोण म्हणेल?

आता त्या मार्चअखेरच्या डबीकडे परत येऊ. लग्नात आणि नंतर बाईला मिळालेलं सोनं हे तिचं एकटीचं आहे, नवरा त्याचा भागीदार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की अडचणीच्या वेळी नवरा ते वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत बायकोला परत करणं हे त्याचं नैतिक कर्तव्य आहे. म्हणजे नवं-जुनं करायला गेलेली पाटली हे घरातलंच एक कर्ज आहे. नवरा देणेकरी आणि बायको धनको. सोसायटीच्या वहीत याची नोंद नसते. घरातल्या वहीत तरी असावी.

या बाबतीत सातारा जिल्ह्याची एक गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि मुलांच्या पोटाला घालायला घरात काही उरलं नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. तिची एक दुसरी बाजू आहे, आणि तीही तितकीच मोठी आहे. लक्ष्मीबाईंना माहीत होतं. पोरं किती, धान्य किती, काम कशासाठी चाललं आहे, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, कारण त्या मुलांचं खाणं-पिणं त्यांच्याच हातून होत होतं. त्यांनी दिलं ते जाणून दिलं. डोळे बांधून मागितलेल्या पाटलीची या मंगळसूत्राशी बरोबरी करता येणार नाही.

दुसरा माणूस आठवतो तोही साताऱ्यात जन्मलेला, शरद जोशी. शेतकऱ्याची कर्जमुक्ती हा शब्द ज्यांनी महाराष्ट्रभर पोचवला, त्यांनीच १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. त्यामागचा विचार साधा होता. शेतमालाला दाम न देणाऱ्या सरकारने आपल्याला लुटलं असं शेतकरी म्हणतो, मग घरच्या लक्ष्मीच्या कष्टाचं दाम त्याने कुठे दिलं आहे? आधी ते ऋण फेडा, थोडी का होईना जमीन तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभर घरं असं करतील ते लक्ष्मीमुक्त गाव, आणि तिथे ते स्वतः जात. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर हे त्यांतलं गाजलेलं नाव. कर्जमुक्ती आणि लक्ष्मीमुक्ती या दोन गोष्टी एकाच माणसाला सुचल्या, हा योगायोग नव्हता. एक झाली नाही तर दुसरी टिकत नाही, हे त्यांना दिसलं होतं. आपण त्यांतली पहिली मागत राहिलो आणि दुसरी विसरलो, ही या भागातल्या शेतकरी राजकारणाची मोठी चूक आहे.

शासनाने त्या चळवळीतून एक चांगलं काम केलं. १५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाने नवऱ्याला मुभा दिली, की तो आपल्या हिश्शाच्या जमिनीवर आपल्याबरोबर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावू शकतो. त्यासाठी बक्षीसपत्र नको, नोंदणी नको. २००३ साली ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याचा निर्णय झाला. घराच्या बाबतीत पुष्कळ गावांनी तो अमलात आणला. जमिनीच्या बाबतीत मात्र तीस वर्षांहून अधिक काळ वाट मोकळी असून तिच्यावर पावलं फार थोडी उमटली आहेत.

गोव्यात हे लग्नाबरोबरच होतं. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा तिथे अजून चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची समाईक धरली जाते. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. दोघांच्या संमतीने घेतलेलं कर्ज दोघांचं. आपल्या आयकर कायद्यातही त्यासाठी वेगळं कलम घातलेलं होतं, पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटून मोजायचं. तिथली घरं त्याने मोडली नाहीत. आंबोलीचा घाट उतरून गेलं की जे रोजच्या व्यवहारात चालतं, ते कोरेगावात अशक्य कसं असेल?

बायकांना व्यवहार कळत नाही, हे उत्तर तर या जिल्ह्यात कुणी देऊच नये. कोरेगावहून पुसेगाव, दहिवडीच्या रस्त्याने गेलं की म्हसवड लागतं. तिथे चेतना सिन्हांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पहिला अर्ज नाकारला गेला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, मुद्दल सांगा, आम्ही तोंडी व्याज काढून दाखवतो, तुमच्या माणसांनाही काढायला सांगा. परवाना मिळाला. माणच्या दुष्काळी मातीतली बाई जे करू शकते, ते कोरेगावच्या बागायती पट्ट्यातल्या बाईला जमणार नाही, असं मानायला काही आधार नाही.

आपल्या मनातली खरी शंका बहुधा वेगळी आहे. सभासदाने जमीन बायकोच्या नावाला लावली तर वसुली कशी करायची? ती शंका रास्त आहे, कारण देणं चुकवायला बायकोच्या नावाचा आडोसा घेणारे लोक असतात. पण सहधारक म्हणून नाव लागलं तरी इकरारचा बोजा उताऱ्यावरून हलत नाही. धनकोंना फसवण्यासाठी केलेलं हस्तांतर न्यायालयात रद्द करून घेता येतं. उलट दोघं धारक असतील तर दोघं सभासद होऊ शकतात, दोघांना मुदत माहीत असते, आणि वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज पडत नाही हेही दोघांना माहीत असतं. ज्या घरात दोन माणसं तारखेवर लक्ष ठेवून आहेत, ते घर थकबाकीत जाण्याआधी सचिवाकडे येऊन बोलेल. वसुलीला याहून भक्कम तारण दुसरं नाही.

घरात भांडणं लागतील, माहेरची माणसं डोळा ठेवतील, हीही भीती बोलून दाखवली जाते. भांडणं आत्ताही होतात. ती होतात नोटीस आल्यावर, आणि तेव्हा त्यांतून काही वाचत नाही. कर्ज घेण्याआधी झालेलं भांडण स्वस्तात पडतं.

आपल्याकडून मागणं फार मोठं नाही. पीककर्ज मंजूर झालं की वाटपाच्या दिवशी सभासदाबरोबर त्याच्या बायकोलाही बोलवा आणि रक्कम, व्याज, मुदत, जामीनदार हे दोघांसमोर मोठ्याने वाचा. गटाची किंवा कंपनीची कर्जं असतील तर तीही त्याच वेळी तिला सांगू द्या, म्हणजे नवऱ्यालाही कळेल. थकबाकीची नोटीस काढाल तर ती दोघांच्या नावे काढा. बाईच्या नावावर काही नसताना तिला जामीन घेऊ नका, आणि घ्यायची वेळ आलीच तर त्या सहीचा अर्थ तिला समजावून सांगितल्याशिवाय घेऊ नका. सहकार कायद्याने संचालक मंडळात दोन जागा महिलांसाठी राखल्या आहेत. त्या दोन्ही ताईंनी हे काम अंगावर घ्यावं. कर्जवाटपाच्या दिवशी त्यांनी टेबलाच्या या बाजूला बसावं, आणि त्यांच्या जागी त्यांचे यजमान येऊन बसणार नाहीत याची काळजी चेअरमननी घ्यावी.

घराघरांसाठीही एक शब्द. नवऱ्याचा आयुर्विमा काढताना तो १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढता येतो. तशी पॉलिसी असेल तर ती रक्कम बायको-मुलांची ठरते आणि नवऱ्याच्या धनकोंचा तिच्यावर हक्क लागत नाही. विमा एजंटाला हे फॉर्म भरतानाच सांगावं लागतं, नंतर नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायची असते. विषयपत्रिकेवर अहवाल, ताळेबंद, लाभांश आणि आयत्या वेळचे विषय असतात. या वर्षी त्यांत आणखी एक विषय घ्यावा, सभासदांच्या पत्नींची नावं सातबाऱ्यावर लावण्यासाठी गावात शिबिर. तलाठ्यांना बोलवावं, तहसीलदारांना पत्र द्यावं, आणि पहिले अर्ज चेअरमन आणि संचालकांनी स्वतःच्या जमिनीचे भरावेत. गाव आपल्याकडे बघून चालतं.

अर्ज तहसीलदारांकडे करायचा असतो. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही.

कळावे,
आपल्याच तालुक्यातील एक शेतकरी कुटुंब